सेकंदाच्या हजाराव्या भागाचा हिशेब

(संस्थेच्या वार्षिक सभेत देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासमोर रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



रुग्णालयाच्या वैद्यकीय कामगिरीचा आढावा आपण आताच ऐकला. माझ्या वाट्याला नेहमीप्रमाणे खर्चाची बाजू आली आहे. मात्र या वर्षी संपूर्ण ताळेबंद वाचून दाखवण्याऐवजी त्यातील एकाच ओळीविषयी बोलण्याची अनुमती मी अध्यक्षांकडून मागून घेतली आहे. ती ओळ 'दळणवळण यंत्रणा' या शीर्षकाखाली आहे.

याला कारण आपल्या एका ज्येष्ठ देणगीदारांचे पत्र. त्यांनी लिहिले होते, "२०२३ साली ग्रामीण केंद्राशी जोडणाऱ्या लाइनचा वेग दुप्पट करण्यासाठी आपण आमच्याकडे निधी मागितला. डॉक्टरांना रुग्णाचा आवाज स्पष्ट ऐकू यावा, हा हेतू सांगितला होता. आता त्याच शीर्षकाखाली पुन्हा खर्च दिसतो. मग पहिल्या खर्चाने काय साधले?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर खुलाशाच्या दोन ओळींत देता आले असते, परंतु त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, आणि ती आपल्यासमोर उभे राहूनच सांगावी असे मला वाटले.

आपले ग्रामीण केंद्र घाटापलीकडे, रस्त्याने सुमारे ९० किलोमीटर अंतरावर आहे. तेथे निवासी डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत आणि आपल्याच औदार्याने आलेले सीटी स्कॅन यंत्र आहे. मेंदूविकारतज्ज्ञ मात्र नाहीत. अर्धांगवायूचा रुग्ण तेथे आला की आपले तज्ज्ञ येथे पडद्यासमोर बसून त्याला तपासतात. दोन्ही हात वर करा, डोळे मिटा, मी म्हणतो ते वाक्य माझ्यामागून म्हणा, अशी ती तपासणी असते. रुग्णाची जीभ अडखळते का, सूचना ऐकल्यावर हात उचलायला त्याला वेळ लागतो का, हे डॉक्टर पाहत असतात. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्या मुदतीतही जितके लवकर दिले जाईल तितका त्याचा उपयोग अधिक. त्यामुळे ही तपासणी म्हणजे निवांत गप्पा नव्हेत.

२०२४ च्या जुलै महिन्यातील एका संध्याकाळी साठीच्या घरातील एका शेतकरी गृहस्थांना केंद्रात आणले गेले. (त्यांच्या कुटुंबीयांच्या संमतीने हे सांगत आहे. ते आज येथे उपस्थित आहेत.) सीटी स्कॅन झाला आणि त्याची चित्रे इकडे येऊ लागली. त्याच वेळी डॉक्टरांनी पडद्यावरून बोलणे सुरू केले. गृहस्थ काहीतरी बोलत होते, पण आवाज तुटत होता. शब्दाचे पहिले अक्षर येई आणि शेवटचे गळून जाई. चार वेळा तेच वाक्य म्हणवून घेतल्यावर आपल्या तज्ज्ञांनी मला फोन केला. त्यांचे शब्द मी विसरू शकत नाही. ते म्हणाले, "मला एवढेच सांगा, अडखळते आहे ती रुग्णाची जीभ की तुमची लाइन?"

शेवटी त्यांनी परिचारिकेच्या मोबाइलवर बोलून खात्री करून घेतली. जीभच अडखळत होती. इंजेक्शन मुदतीत दिले गेले. ते गृहस्थ आज काठी घेऊन चालतात, शेतावरही जातात. परंतु केसपेपरवरील वेळा पाहिल्या तर या गोंधळात ११ मिनिटे गेली, आणि हे वेग दुप्पट केल्यानंतर एका वर्षाने घडले.

दुसऱ्या दिवशी मी काय केले? कोणताही प्रशासक करील तेच. लाइन पुरवणाऱ्या कंपनीला कडक शब्दांत पत्र लिहिले. त्यांचा माणूस आला, त्याने दुपारी बारा वाजता आमच्या राउटरवरून केंद्राच्या राउटरला 'पिंग' केले, आणि जाऊन येण्यास ८ ते १० मिलिसेकंद लागतात असे दाखवले. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. शिवाय महिनाभराच्या सरासरीचा छापील तक्ता त्याने पुढे ठेवला. तीही उत्तम होती. तो खोटे बोलत नव्हता, आणि आमच्या डॉक्टरांच्या कानांनीही त्यांना फसवले नव्हते. दोन्ही पक्ष खरे असतील तर गफलत हिशेबाच्या पद्धतीत असते, एवढे मला तीस वर्षांच्या कारकिर्दीने शिकवले आहे.

येथे यंत्रणेविषयी थोडे सांगणे भाग आहे. आपला आवाज तारेतून पाण्यासारखा अखंड वाहत नाही. त्याचे सामान्यतः दर २० मिलिसेकंदांचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र पाकिटासारखा रवाना होतो. त्याला पॅकेट म्हणतात. आपल्या इमारतीतील पॅकेटे बाहेर पाठवणारे आणि बाहेरची आत घेणारे यंत्र म्हणजे राउटर. आपल्या कार्यालयातील आवक-जावक टेबलच म्हणा ना. एक टेबल येथे आहे, एक केंद्रात. पॅकेटाला या टेबलावरून त्या टेबलावर पोहोचण्यास लागणारा वेळ हा विलंब. एका पॅकेटाला लागलेला वेळ आणि त्याच्यामागून आलेल्या पॅकेटाला लागलेला वेळ यांतील फरकाला अभियंते 'जिटर' म्हणतात. मी त्याला विलंबातील चढउतार म्हणेन.

सर्वसाधारण समज असा की विलंब अंतरामुळे होतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. घाटातील वळणे धरून तार १५० किलोमीटर लांब असली तरी तो प्रवास एका मिलिसेकंदाच्या आतच संपतो. बाकीचा वेळ जातो तो टेबलांवर, म्हणजे रांगेत. आमच्या दुखण्याचे मूळ तेथे होते, पण ते कळायला आम्हाला सहा आठवडे लागले.

विलंब जास्त असूनही काम चालते, याची उदाहरणे आहेत. इस्रोने २००१ साली दूरस्थ वैद्यकीय सेवेचा पथदर्शी प्रकल्प सुरू केला, तेव्हा चेन्नईचे अपोलो रुग्णालय आणि आंध्र प्रदेशातील अरगोंडा गावचे रुग्णालय उपग्रहाद्वारे जोडले गेले. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तापासून सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. आवाज वर जाऊन खाली येईपर्यंत पाव सेकंदाच्या आसपास वेळ जातोच, आणि कोणी कितीही पैसे दिले तरी तो कमी होत नाही. पण तो विलंब एकसारखा असतो. एकसारख्या विलंबाची माणसाला सवय होते. बोलून झाले की क्षणभर थांबायचे, एवढेच. त्याच वर्षी ७ सप्टेंबर रोजी न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या डॉ. जॅक मारेस्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील एका स्त्री-रुग्णाच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया यंत्रमानवाच्या साहाय्याने केली. हाताची हालचाल पलीकडे पोहोचून तिचे चित्र परत दिसेपर्यंत सरासरी १५५ मिलिसेकंद लागत होते. अटलांटिक महासागर ओलांडून पित्ताशय काढता येते, आणि आम्हाला ९० किलोमीटरवरचे एक वाक्य नीट ऐकू येऊ नये, ही गोष्ट मला झोपू देईना. फरक असा होता की त्यांनी आपला मार्ग राखीव ठेवून त्याचा विलंब आधी मोजला होता. आम्ही वेग विकत घेतला, मोजले काहीच नाही.

पिंग हे मोजमाप नव्हे काय, असे कोणी विचारील. आहे, पण अपुरे. माइक मस नावाच्या अमेरिकी अभियंत्याने डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटा प्रोग्राम लिहिला. पाणबुडी शोधताना ध्वनिलहर सोडून तिच्या प्रतिध्वनीची वाट पाहतात, त्या आवाजावरून त्याने हे नाव ठेवले. त्यात दोन उणिवा आहेत. एक, तो जाण्यायेण्याचा एकत्रित वेळ देतो, त्यामुळे अडथळा जाताना आहे की येताना हे कळत नाही. दुसरी, पलीकडच्या राउटरला पिंगला उत्तर देणे हे दुय्यम काम वाटते. मुख्य कामे उरकून सवड मिळाली की तो उत्तर देतो. म्हणजे पत्र वेळेवर पोहोचूनही टेबलावर पडून राहिले, तरी दोष टपालखात्याला लागतो.

आमच्या संगणक विभागातील एका तरुण अभियंता भगिनींनी सुचवले की दोन्ही राउटरांत मोजणीची सोय आधीपासूनच आहे, ती फक्त कोणी सुरू केलेली नाही. आमचे राउटर सिस्को कंपनीचे आहेत. त्यांत या सोयीला 'आयपी एसएलए' म्हणतात. एक राउटर आवाजाच्या पॅकेटासारखी दिसणारी चाचणीची पॅकेटे पाठवतो, आणि दुसऱ्या राउटरवर 'रिस्पाँडर' नावाचा उत्तरदाता बसवलेला असतो. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे असतील तर हेच काम करणारी 'टीवॅम्प' नावाची सर्वमान्य पद्धत २००८ पासून उपलब्ध आहे.

ही पद्धत त्यांनी मला समजावली तेव्हा मी म्हणालो, "अहो, हे तर आपले आवक-जावक रजिस्टर!" प्रत्येक चाचणी-पॅकेटावर चार वेळा नोंदल्या जातात. येथून निघाल्याची, तेथे पोहोचल्याची, तेथून परत निघाल्याची आणि येथे आल्याची. शेवटच्या वेळेतून पहिली वजा केली की एकूण वेळ मिळतो. त्यातून पॅकेट पलीकडच्या टेबलावर जितका वेळ पडून होते तितका वजा करायचा. उरतो तो निव्वळ प्रवास. पिंगची दुसरी उणीव येथे संपते.

पहिला अहवाल माझ्या टेबलावर आला तो पाहून मला हर्ष झाला. एकेरी विलंबाच्या रकान्यात, जाताना आणि येताना, सर्वत्र शून्य होते. मी म्हणालो, "विलंब नाहीच की!" त्या म्हणाल्या, "सर, हे शून्य म्हणजे विलंब नाही असे नव्हे. मोजता आला नाही, असा त्याचा अर्थ. दोन राउटरांची घड्याळे जुळत नाहीत." तीस वर्षे वह्या तपासणाऱ्या माणसाला 'रक्कम निरंक' आणि 'नोंद नाही' यांतील फरक एका पंचविशीच्या मुलीने शिकवावा! मी निमूटपणे कागद खाली ठेवला.

घड्याळांचा मुद्दा हा या साऱ्या विषयाचा गाभा आहे. येथली जावक वेळ येथल्या घड्याळाची आणि तेथली आवक वेळ तेथल्या घड्याळाची. घड्याळे मिनिटभराने चुकलेली असतील तर ९ मिलिसेकंदांचा हिशेब कोणत्या तोंडाने करणार? जाऊन-येऊन होणाऱ्या वेळेत ही चूक आपोआप वजा होते, एकेरी वेळेत होत नाही. संगणकांची घड्याळे जुळवण्यासाठी एनटीपी नावाची पद्धत आहे. तिचे जनक डेव्हिड मिल्स यांनी १९८५ साली तिचा पहिला मसुदा प्रसिद्ध केला. २०२४ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. जगभरातील संगणकांची घड्याळे या गृहस्थाच्या पद्धतीने चालतात, पण त्यांचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले असेल?

एनटीपीत एक गृहीतक आहे. जाण्यास आणि येण्यास सारखाच वेळ लागतो असे धरून ती एकूण वेळेचा अर्धा भाग काढते. आता समजा, केंद्राकडून इकडे येताना १५० मिलिसेकंदांची रांग आहे आणि इकडून जाताना रांग नाही. मग त्या वेळी जुळवलेले घड्याळ ७५ मिलिसेकंदांनी चुकू शकते. अशा वाईट नोंदी गाळण्याची व्यवस्था त्या पद्धतीत आहे, हे खरे. पण ज्या लाइनची तपासणी करायची, तिच्यामार्फतच घड्याळ लावायचे, म्हणजे रोखपालालाच रोकड तपासायला बसवण्यासारखे झाले. म्हणून उपग्रहाकडून थेट वेळ घेणारी दोन छोटी उपकरणे आम्ही घेतली. एक येथे गच्चीवर बसवले, एक केंद्रात. देणगीदार महोदय, या वर्षीच्या खर्चातील मोठा भाग हाच आहे.

चढउताराला मात्र समान घड्याळाची गरज नाही. येथून दोन पॅकेटे २० मिलिसेकंदांच्या अंतराने निघाली. पलीकडे ती २० च्या अंतराने पोहोचली तर चढउतार शून्य. ३५ च्या अंतराने पोहोचली तर अधिक १५, ५ च्या अंतराने पोहोचली तर उणे १५. पलीकडचे घड्याळ तीन मिनिटे मागे असले तरी ही वजाबाकी बदलत नाही. मात्र येथे आणखी एक फसगत आहे. अधिक १५ आणि उणे १५ यांची सरासरी शून्य येते, आणि सारे काही शांत असल्याचा भास होतो. म्हणून चिन्हे सोडून सरासरी काढावी लागते. बी.कॉम.च्या संख्याशास्त्रात 'सरासरी विचलन' शिकवताना आमच्या सरांनी चिन्हे का सोडायची हे सांगितले होते. परीक्षेपुरते पाठ केलेले ते कलम मला सत्तावनाव्या वर्षी राउटरात भेटले.

या चढउताराचे कानाला काय होते? पलीकडचे यंत्र आलेली पॅकेटे थोडा वेळ साठवून मग एकसारख्या चालीने वाजवते. समजा, साठवणीची मुदत ६० मिलिसेकंद आहे. त्याहून उशिरा आलेले पॅकेट पोहोचूनही निरुपयोगी ठरते, कारण त्याची पाळी निघून गेलेली असते. म्हणून शब्दाचे शेवटचे अक्षर गळते. मुदत वाढवली तर अक्षरे गळत नाहीत, पण संभाषणच उशिरा ऐकू येते, आणि मग रुग्णाने हात उशिरा उचलला की त्याचे चित्र उशिरा आले, हे डॉक्टरांना कळेनासे होते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार संभाषणासाठी एकेरी विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असणे चांगले, आणि ४०० च्या पलीकडे तो जाऊच नये. चढउतार ३० मिलिसेकंदांच्या आत आणि पॅकेटांची गळती शेकडा एकाहून कमी असावी, असा या व्यवसायातील दंडक आहे.

प्रत्यक्षात सापडले काय? मूळ व्यवस्थेत राउटर दर मिनिटाला १० पॅकेटे २० मिलिसेकंदांच्या अंतराने पाठवतो. म्हणजे ६० सेकंदांपैकी जेमतेम ०.२ सेकंदाची पाहणी. लेखापरीक्षक हजार व्हाउचरांपैकी तीन पाहून सही करतो, तसे हे. आम्ही संख्या ५०० केली, म्हणजे दर मिनिटातील १० सेकंद तपासले जाऊ लागले. त्याहून अधिक वाढवले नाही, कारण तपासणीचाच बोजा लाइनवर पडता कामा नये. आणि सरासरीबरोबर प्रत्येक फेरीतील सर्वांत वाईट आकडाही जपून ठेवण्यास सांगितले.

सहाव्या आठवड्यापर्यंत त्या तक्त्यात एक गोष्ट स्पष्ट झाली. दिवसभर एकेरी विलंब ४ मिलिसेकंदांच्या आसपास असे, चढउतार एक-दोन. पण मधूनच दीड-दोन मिनिटे असा काळ येई की केंद्राकडून येणारा विलंब १५० वर जाई, चढउतार ४० ओलांडी आणि शंभरांतील तीन-चार पॅकेटे हरवत. उलट दिशेला तेव्हाही सर्व सुरळीत असे. त्या वेळा आम्ही केंद्राच्या नोंदवहीशी ताडून पाहिल्या. प्रत्येक वेळी कोणाचा तरी सीटी स्कॅन नुकताच झालेला होता.

त्या क्षणी मी स्वतःशी गणित मांडले. सीटीचे एक चित्र ५१२ गुणिले ५१२ बिंदूंचे, प्रत्येक बिंदूला दोन बाइट, म्हणजे सुमारे अर्धा एमबी. दोनशे चित्रे म्हणजे १०० एमबी. ४ एमबीपीएसच्या लाइनवरून ती यायला २०० सेकंद, ८ च्या लाइनवरून १००. हा सारा ढीग केंद्राच्या राउटरमध्ये एकाच रांगेत उभा राहतो, आणि आवाजाचे इवलेसे पॅकेट त्याच्या मागे. समजा, रांगेत १५०० बाइटांची १०० पॅकेटे आहेत. म्हणजे १२ लाख बिट. जुन्या लाइनवर ती रांग सरायला ३०० मिलिसेकंद, नव्या लाइनवर १५०. आणि फाइल पाठवणाऱ्या यंत्राचा स्वभाव असा की जागा दिसेल तितकी भरत जायचे. रांग ओसंडली की शेवटी आलेले पॅकेट टाकून दिले जाते, मग ते चित्राचे असो वा आवाजाचे. लाइन रुंद केली, पण रांग एकच ठेवली. ज्या रुग्णाचे बोलणे ऐकायचे, त्याच्याच मेंदूचे छायाचित्र त्याच्या बोलण्याच्या आड येत होते.

कंपनीच्या सरासरीत हे का दिसले नाही, तेही सांगतो. दिवसाची मिनिटे १४४०. त्यांपैकी चार मिनिटे १५० चा विलंब आणि उरलेल्या १४३६ मिनिटांत ४ चा, असे धरले तर दिवसाची सरासरी येते ४.४. चारावर दशांश चार! इतका फरक पाहून कोणाची भुवईही उंचावणार नाही. पण डॉक्टरांना लाइन लागते ती नेमकी त्याच चार मिनिटांत. कंपनीला पाठवलेले पत्र मी मागे घेतले आणि दिलगिरीचे दुसरे लिहिले.

उपाय अर्ध्या दिवसाचा होता आणि त्याला पैसे पडले नाहीत. आवाज व चित्रसंभाषणाच्या पॅकेटांवर राउटरने विशिष्ट खूण करायची आणि त्यांची रांग वेगळी ठेवायची. ती रांग रिकामी असेल तेव्हाच सीटीचा माल पुढे सोडायचा. अपघात विभागात आधी कोणाला आत घ्यायचे हे परिचारिका ठरवतात, तसेच. आमच्या क्ष-किरण तज्ज्ञांनी यास हरकत घेतली, आणि ती गैरलागू नव्हती. चित्रे उशिरा आली तर निर्णयही उशिरा होईल, असे त्यांचे म्हणणे. म्हणून हिशेब केला. संभाषणाला सुमारे १ एमबीपीएस लागतो. उरलेल्या ७ वर दोनशे चित्रे १०० ऐवजी ११४ सेकंदांत येतात. १४ सेकंदांचा तोटा. शिवाय चित्रे एकामागून एक येत असल्याने पाहणे आधीच सुरू करता येते. त्यांनी मान्यता दिली, पण लेखी नोंद ठेवण्यास सांगितले. ती ठेवली आहे.

येथेही मोजणीत एक चूक होता होता राहिली. खुणेची व्यवस्था सुरू झाल्यावर आमच्या चाचणी-पॅकेटांवर ती खूण नव्हती. म्हणजे ती सीटीच्या रांगेत उभी राहून आवाजाच्या रांगेविषयी साक्ष देत होती. आठवडाभर आकडे वाईटच येत राहिले आणि मी हवालदिल झालो. आता दोन चाचण्या शेजारी शेजारी चालतात, एक खुणेसह, एक खुणेविना. खुणेसहच्या चाचणीत सीटी येत असतानाही केंद्राकडून येणारा विलंब १० मिलिसेकंदांच्या आत आणि चढउतार ५ च्या आत राहतो. खुणेविनाच्या चाचणीत तो पूर्वीइतकाच वाईट आहे, आणि तसाच असायला हवा.

आता देणगीदार महोदयांच्या प्रश्नाचे थेट उत्तर. २०२३ सालचा निधी वाया गेला नाही. त्यामुळे सीटीची चित्रे निम्म्या वेळात येतात, आणि हा लाभ लहान नाही. परंतु ज्या कामासाठी तो मागितला होता, ते काम त्याने केले नाही. हिशेबाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मी त्या एकाच ओळीत दडवू इच्छीत नाही. मागणीपत्रावर सही माझी होती. मोजण्याआधी मागणे, ही माझी चूक. पंधरा दिवस आधी मोजले असते तर निधी मागताना हेतू निराळा लिहिला असता, आणि कदाचित ती ११ मिनिटेही गेली नसती. त्या कुटुंबाची मी व्यक्तिशः क्षमा मागितली आहे. त्या गृहस्थांच्या थोरल्या चिरंजीवांनी मला विचारले, "साहेब, आता लाइन तुटली तर तुम्हाला आधी कळते की डॉक्टरांना?" तोवर आम्ही तो विचार केला नव्हता. त्यांच्या प्रश्नानंतर अशी व्यवस्था केली की खुणेसहच्या चाचणीत चढउतार ३० च्या वर गेला तर संगणक विभागातील कर्तव्यावर असलेल्या व्यक्तीच्या मोबाइलवर सूचना येते, आणि तीच सूचना तपासणी-कक्षातील पडद्याच्या कोपऱ्यात तांबड्या ठिपक्याने दिसते. डॉक्टरांनी तो ठिपका पाहिला की ते लगेच मोबाइलवरून बोलतात. गेल्या पावसाळ्यात घाटातील खोदकामात तार तुटली, तेव्हा दोनदा तसे करावे लागले.

शेवटी पुढील वर्षाविषयी. आपल्या दुसऱ्या केंद्राची जोडणी प्रस्तावित आहे. त्यासाठी दरपत्रके मागवताना वेगाखेरीज तीन रकाने प्रथमच घातले आहेत: दोन्ही दिशांचा एकेरी विलंब, चढउतार आणि गळती. आकडे दर पाच मिनिटांचे द्यावेत, महिन्याची सरासरी चालणार नाही, अशी अटही आहे. तीन कंपन्यांची दरपत्रके आली. एका कंपनीने आकडे दिले आहेत आणि ते पडताळण्यासाठी आमच्या राउटरांवर महिनाभर चाचणी घेऊ देण्याची तयारी दाखवली आहे. दुसरीने ते रकाने कोरे सोडले आहेत. तिसरीने तिन्ही रकान्यांत शून्य लिहिले आहे. तिच्याकडून लेखी खुलासा मागवला असून तो आल्यावर तिन्ही दरपत्रके कार्यकारी मंडळापुढे ठेवण्यात येतील.